क्रियापदानंतरची जागा

महाराष्ट्रात इंग्रजी घेऊन बी.ए. करणारा विद्यार्थी इंग्रजी वाक्याचे सात पॅटर्न शिकतो. जपानमधल्या शाळकरी मुलाला विचारलं, तर तो पाच सांगतो. ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीची जुनी आवृत्ती उघडली, तर क्रियापदांचे पंचवीस पॅटर्न क्रमांक देऊन छापलेले दिसतात. १९९६ साली बर्मिंगहॅमच्या अभ्यासकांनी केवळ क्रियापदांच्या पॅटर्नवर एक जाडजूड पुस्तक काढलं, त्यात ते शेकड्यांनी आहेत. भाषा एकच आणि आकडे इतके वेगळे, कारण प्रत्येक यादी वेगळ्या विद्यार्थ्यासाठी, वेगळ्या गरजेपोटी तयार झाली. आपल्याकडे या याद्या पोचल्या त्या मात्र नियम म्हणून. त्यांच्यामागची गरज मूळ ठिकाणीच राहिली.

या सगळ्या याद्या वाक्याच्या एकाच जागेबद्दल बोलतात: क्रियापदानंतरची जागा. इंग्रजीत त्या जागेला एवढं महत्त्व का आलं? हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय लागत. कोणी कोणाला मारलं हे प्रत्ययावरून कळत असल्यामुळे शब्द मागेपुढे केले तरी अर्थ बिघडत नसे. ‘रामाने आंबा खाल्ला’ आणि ‘आंबा रामाने खाल्ला’ ही दोन्ही वाक्यं आपण आजही त्याच बळावर बोलतो. पुढच्या चार-पाच शतकांत इंग्रजीचे हे प्रत्यय झिजत गेले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमावर येऊन पडलं. क्रियापदाच्या आधी येईल तो कर्ता, नंतर येईल ते कर्म. कर्त्याची जागा रिकामी ठेवायचीही सोय उरली नाही. म्हणूनच पावसाबद्दल बोलताना इंग्रजीला कशाचंही नाव नसलेला एक ‘इट’ तिथे आणून बसवावा लागतो.

भाषेत एवढा बदल होऊनही व्याकरणकारांनी बराच काळ त्याची दखल घेतली नाही. त्यांच्यासमोर नमुना होता लॅटिनचा, आणि लॅटिनमध्ये महत्त्व शब्दाच्या रूपाला. विल्यम बुलोकरने १५८६ साली इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं ते याच परंपरेत. लिंडले मरेचं १७९५चं व्याकरण पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत दोन-तीन पिढ्या चाललं. मरे मूळचा अमेरिकन क्वेकर. यॉर्कमधल्या एका मुलींच्या शाळेसाठी त्याने ते लिहिलं. त्यात वाक्यविचार आहे, पण तो नियमांचा आणि चुकीची वाक्यं दुरुस्त करण्याचा. शब्द सुटा करायचा, त्याची जात, लिंग, वचन, विभक्ती सांगायची, म्हणजेच पदपरिस्फोट करायचा, हा तेव्हाचा मुख्य अभ्यास. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर मरेचाच नमुना होता. वाक्याचे भाग पाडून त्यांची नावं पाठ करायची, ही कल्पना तोवर कुठे आलेली नव्हती.

ती जर्मनीतून आली. ऑफेनबाखचा कार्ल फर्डिनांड बेकर पेशाने डॉक्टर होता. पुढे तो शाळा चालवू लागला आणि व्याकरणाकडे वळला. डॉक्टरच्या नजरेने पाहिल्यामुळे असेल, त्याला भाषा ही सजीव देहासारखी रचना वाटली. तिचे अवयव शब्दांच्या जातींमध्ये शोधायचे नाहीत, वाक्यात कोण काय काम करतं त्यावरून शोधायचे, असं त्याने मांडलं. शब्दाकडून वाक्याकडे जाण्याऐवजी वाक्याकडून शब्दाकडे. हा विचार इंग्लंडच्या शाळांत नेला जॉन डॅनियल मोरेलने. मोरेलने जर्मनीत बॉनला शिक्षण घेतलं होतं आणि तो इंग्लंडमध्ये सरकारी शाळानिरीक्षक होता. वाक्यांच्या पृथक्करणावरचं त्याचं पुस्तक १८५२ साली निघालं.

मोरेलच्या पद्धतीत वाक्याची एक तक्तेवजा मांडणी होती: उद्देश्य, त्याचा विस्तार, विधेय, विधेयाचं पूरक, विधेयाचा विस्तार. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ही नावं परकी वाटणार नाहीत. उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, कर्मविस्तार, विधानपूरक, विधेयविस्तार, विधेय हे रकाने आखून आपण ज्यात मराठी वाक्यं भरली, ते वाक्यपृथक्करण याच घराण्यातलं आहे. रकाने पुष्कळसे जुळतात. जे पुष्कळांना अस्सल देशी व्याकरण वाटतं, त्याचा एक धागा ऑफेनबाखच्या त्या डॉक्टरपर्यंत जातो. अमेरिकेत हीच कल्पना १८७७ साली रीड आणि केलॉग यांच्या रेघांच्या आकृत्यांत आली आणि तिथल्या शाळांत फार लोकप्रिय झाली.

तरी पृथक्करण म्हणजे पॅटर्न नव्हेत. पृथक्करणात समोर आलेलं वाक्य सोडवायचं असतं. वाक्यं मुळात किती घडणींची असू शकतात, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो बर्मिंगहॅममध्ये विचारला गेला. तिथल्या मेसन कॉलेजात एडवर्ड अडॉल्फ सॉनेनशाइन ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक होते. इंग्रज मुलाला शाळेत लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी अशी चार व्याकरणं चार वेगवेगळ्या परिभाषांत शिकावी लागतात, हे त्यांना खटकत होतं. सगळ्या भाषांना एकच आराखडा, एकच परिभाषा असावी या हेतूने त्यांनी ‘पॅरलल ग्रामर सीरिज’ सुरू केली. या मालेत इंग्रजीचं व्याकरण त्यांनी ए. जे. कूपर यांच्यासह १८८९ साली लिहिलं, आणि त्यात विधेयाचे पाच प्रकार पहिल्यांदा नीट मांडले गेले.

नुसतं क्रियापद: ‘बर्ड्स फ्लाय’. क्रियापद आणि पूरक: ‘शी इज अ डॉक्टर’. क्रियापद आणि कर्म: ‘ही ब्रोक द कप’. क्रियापद आणि दोन कर्मं: ‘ही गेव्ह मी अ पेन’. क्रियापद, कर्म आणि त्या कर्माचं पूरक: ‘दे मेड हिम किंग’. आज ज्यांना इंग्रजी वाक्याचे मूळ साचे म्हणतात, ते हेच. पण ते फक्त इंग्रजीकडे पाहून काढलेले नाहीत. लॅटिन आणि जर्मनलाही लागू पडावेत अशा बेताने ते कातलेले आहेत. इंग्रजीला विभक्ती आहेत असंच सॉनेनशाइन शेवटपर्यंत मानत राहिले, आणि त्यावरून डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांच्याशी त्यांचा मोठा वाद झाला. या वादात मला येस्पर्सन यांची बाजू पटते. पण पाच प्रकारांचा साधेपणा सॉनेनशाइन यांच्या आग्रहातूनच आला, हेही मान्य करावं लागतं. ज्याला चार भाषा एका पानावर मांडायच्या आहेत, तो बारकावे गाळणारच.

मेसन कॉलेजात शिकलेला चार्ल्स टॅलबट अनियन्स पुढे ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या कामावर गेला. १९०४ साली त्याने याच मालेत ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिश सिंटॅक्स’ हे पुस्तक लिहिलं. पाच प्रकारांची मांडणी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली ती यामुळे. इंग्लंडमध्ये या पाचांचा फार गाजावाजा झाला नाही. ते रुजले जपानमध्ये. होसोए इत्सुकी यांनी १९१७ साली लिहिलेल्या व्याकरणात अनियन्सचे पाच प्रकार घेतले, आणि तिथून ते जपानी शाळांत असे स्थिरावले की शंभर वर्षांनंतरही इंग्रजी म्हणजे ‘पाच वाक्यरूपं’ हे तिथे गृहीत असतं. कोरियातही तेच.

याचं कारण समजण्यासारखं आहे. जपानी विद्यार्थ्यासमोर इंग्रजी येत होती ती छापील पानावर. बोलायची नव्हती, वाचून उलगडायची होती. जपानीत क्रियापद शेवटी येतं. अशा वाचकाला लांबलचक इंग्रजी वाक्यात आधी क्रियापद शोधायचं, मग पुढचे शब्द पाचांपैकी कोणत्या रीतीने बसले आहेत ते ओळखायचं, हा आधार फार मोलाचा होता. बर्मिंगहॅममध्ये भाषांची तुलना सोपी करण्यासाठी निघालेली यादी जपानमध्ये वाचनाची किल्ली झाली.

वाचनापुरती ती किल्ली चालते. बोलायला लागलं की अडते. हे ज्याला स्पष्ट दिसलं तो इंग्रज शिक्षक याच सुमारास जपानला पोचला होता. हॅरल्ड पामर १९२२ साली तिथल्या शिक्षण मंत्रालयाचा भाषा-सल्लागार म्हणून टोकियोला आला, आणि पुढच्याच वर्षी त्याने इंग्रजी-अध्यापनाच्या संशोधनासाठी संस्था काढली. त्याआधी बेल्जियममध्ये शिकवताना त्याने रकान्यांचे तक्ते तयार केले होते. प्रत्येक रकान्यातला एकेक शब्द उचलत गेलं की प्रत्येक वेळी बिनचूक वाक्य तयार व्हायचं. असे शंभर तक्ते त्याने १९१६ साली प्रसिद्ध केले होते. टोकियोत त्याचं लक्ष क्रियापदांवर खिळलं. इंग्रजीत चूक होते ती बहुधा क्रियापदाच्या पुढे काय चालतं आणि काय चालत नाही हे माहीत नसल्यामुळे, हे त्याने ओळखलं.

ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानच्या क्यूशू बेटावरच्या ओइता गावी इंग्रजी शिकवायला गेला होता. तो पामरच्या कामाकडे ओढला गेला, आणि १९३६ साली पामर मायदेशी परतल्यावर ते काम त्याने पुढे नेलं. हॉर्नबीची तळमळ आपल्या वर्गांना अगदी ओळखीची वाटावी अशी आहे. ‘ही टोल्ड मी द स्टोरी’ बरोबर. मग विद्यार्थी त्याच चालीवर ‘ही एक्सप्लेन्ड मी द स्टोरी’ म्हणतो, आणि ते चूक ठरतं. ‘आय वॉन्ट हिम टू गो’ बरोबर. त्याच चालीवर ‘आय सजेस्ट हिम टू गो’ म्हणावं तर तेही चूक. टेल आणि एक्सप्लेन यांच्या अर्थात असं काही नाही ज्यावरून हा फरक आधी कळावा. पाच प्रकारांची यादी इथे मुकी राहते. कोणतं क्रियापद कोणत्या घडणीत बसतं, हे शब्दकोशानेच त्या-त्या शब्दापाशी सांगायला हवं.

आपल्या न्यायशास्त्राने आणि मीमांसेने वाक्यार्थासाठी आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी या अटी सांगितल्या आहेत. त्यांतली आकांक्षा म्हणजे एका पदाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. ‘आण’ म्हटलं की ‘काय?’ हे विचारावंच लागतं. हॉर्नबीला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. पण इंग्रजीच्या एकेका क्रियापदाची आकांक्षा टिपून ठेवणं, हेच त्याचं काम होतं. पंचवीस पॅटर्न ठरवले, त्यांना क्रमांक दिले आणि कोशातल्या क्रियापदांपुढे ते क्रमांक छापले. गेटनबी आणि वेकफील्ड हे त्याचे सहकारी. काम हातावेगळं होतं न होतं तोच, डिसेंबर १९४१मध्ये, जपान युद्धात उतरला आणि हॉर्नबी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध झाला. १९४२ साली टोकियोच्या काइताकुशा या प्रकाशनाने तो कोश छापला. ज्या देशाशी युद्ध चालू होतं, त्याच देशाच्या भाषेचा कोश, आणि तोही शत्रुपक्षातल्या माणसाने रचलेला! प्रकाशकांनी अशा काळात तो छापला याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हॉर्नबी त्याच वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून मायदेशी गेला. ऑक्सफर्डने १९४८ साली त्या जपानी आवृत्तीचे फोटो घेऊन कोश पुन्हा छापला. लाखो आशियाई आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या हाती आलेली ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ ती हीच. इंग्रजी वाक्याच्या पॅटर्नची सर्वांत उपयोगी यादी जपानी वर्गांतल्या अडचणींतून जन्मली, इंग्लंडमध्ये नव्हे. १९६१ साली हॉर्नबीने आपल्या मानधनातून एक विश्वस्त निधी स्थापन केला. परदेशी इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला त्याचा पैसा आजही लागतो.

भारतात हा सगळा विचार स्वातंत्र्यानंतर आला तो ‘स्ट्रक्चरल सिलॅबस’ या नावाने. इंग्रजीचे तास कमी झाले होते. मुंबई राज्यात तर इंग्रजी आठवीपासून सुरू होत होती. थोड्या वेळात उपयोगी पडेल एवढी इंग्रजी द्यायची, तर वाक्यरचनांची सोपीकडून अवघडाकडे जाणारी यादी करा आणि एका वेळी एकच रचना शिकवा, असं ठरलं. पुढाकार मद्रासचा. तिथे १९५९ साली सुमारे २७ हजार शिक्षकांना या पद्धतीत तयार करण्याची मोहीम सुरू झाली. काही जणांना शिकवायचं, त्यांनी पुढच्यांना, अशी ती साखळी होती. हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था १९५८ सालची. मराठी माध्यमाच्या इंग्रजी पुस्तकांत वर्षानुवर्षं दिसलेले रकान्यांचे तक्ते मूळचे पामरचे. पण पामर ते तोंडी, झपाट्याने, मुलांच्या जिभेला वळण लागेपर्यंत घोळवून घेत असे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात ते वहीत उतरवून काढायचे झाले. तक्ता पोचला, त्याच्यामागचा तोंडी सराव बऱ्याच वर्गांत पोचलाच नाही, आणि हे नुकसान मला फार मोठं वाटतं.

पृथक्करणाची आणि पॅटर्नची अशा दोन्ही पिढ्या एकाच बांधणीत पाहायच्या असतील तर रेन आणि मार्टिन उघडावं. पी. सी. रेन भारतात, मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता. कादंबरीकार म्हणून ‘बो जेस्ट’मुळे तो जगभर गाजला. त्याचं आणि मार्टिनचं शालेय व्याकरण मुंबईच्या कूपर या प्रकाशकांनी १९३०च्या दशकात काढलं. त्याच्या मूळ भागात वाक्यपृथक्करण आहे ते मोरेलच्या धाटणीचं. पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी पुस्तकाची नवी आवृत्ती केली, तेव्हा क्रियापदांच्या पॅटर्नचं प्रकरण आत आलं ते हॉर्नबीच्या वळणाचं. एका प्रकरणात वाक्य सोडवायचं, दुसऱ्यात ते घडवायचं. दोन्हींत शंभर वर्षांचं अंतर आहे, पण वाचणाऱ्या मुलाला तसं कुठे सांगितलेलं नाही.

मग सात कुठून आले? रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९७२ आणि १९८५च्या बृहद्व्याकरणांतून. क्वर्क यांनी १९५९पासून प्रत्यक्ष बोलल्या-लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीचे नमुने गोळा करायला सुरुवात केली होती. अनियन्सच्या पाचांत एक उणीव होती. ‘शी पुट द बुक ऑन द टेबल’ यातलं ‘ऑन द टेबल’ काढून पाहा. वाक्य लंगडं होतं. ‘ही लिव्ह्ज इन पुणे’मधून पुणे काढलं तर निराळाच अर्थ निघतो. स्थळ सांगणारे शब्द जुन्या यादीत ऐच्छिक विस्तार मानले होते, पण काही क्रियापदांना ते हवेतच. म्हणून दोन पॅटर्न वाढले आणि पाचाचे सात झाले. क्वर्क यांची पुस्तकं आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आली, म्हणून आपले सात.

तोवर पॅटर्नवरचा विश्वास भारतातच डळमळू लागला होता. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासच्या काही शाळांत रचनांची यादीच बाजूला ठेवली. नकाशा, वेळापत्रक, हिशेब असली कामं मुलांना इंग्रजीतून सोडवायला दिली. मन अर्थात गुंतलं असताना रचना आपोआप रुजते, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे बर्मिंगहॅम विद्यापीठात, म्हणजे सॉनेनशाइन यांच्या त्या मेसन कॉलेजचं पुढे जे विद्यापीठ झालं तिथे, जॉन सिंक्लेअर यांनी संगणकावर कोट्यवधी शब्दांचा मजकूर साठवला. त्यातून गिल फ्रान्सिस, सुझन हन्स्टन आणि एलिझाबेथ मॅनिंग यांनी १९९६ साली चार हजारांहून अधिक क्रियापदांच्या रचना काढल्या. त्यांना जे आढळलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर वाटतं: एका रचनेत येणारी क्रियापदं अर्थानेही एकमेकांच्या जवळची असतात. ‘अ‍ॅट’ घेणारी पाहा: शाउट, लाफ, स्टेअर, ग्लेअर. कोणावर तरी रोखलेला आवाज किंवा रोखलेली नजर.

यांतली एकही यादी मराठी मुलाकडे पाहून केलेली नाही. आपल्या मुलाची पहिली अडचण क्रियापदानंतर सुरू होतच नाही. ती त्याच्या आधी, कर्त्याच्या जागेपाशी येते. ‘मला आंबे आवडतात’, ‘तिला भूक लागली’, ‘त्याला थंडी वाजते’, ‘आम्हाला हे समजलं नाही’, ‘मला वाटतं’. या प्रत्येक वाक्यात अनुभव घेणारा माणूस चतुर्थीत आहे आणि क्रियापद जुळतं ते दुसऱ्याशी. इंग्रजीत त्याच माणसाला उचलून कर्त्याच्या खुर्चीत बसवावं लागतं. सातांपैकी एकही पॅटर्न हे सांगत नाही. मराठी बोलणाऱ्यांसाठी पॅटर्नची यादी करायची झाली तर तिची सुरुवात आवडणे, लागणे, वाजणे, वाटणे, समजणे, दिसणे, सुचणे, जमणे अशा क्रियापदांपासून व्हायला हवी. पाचवीच्या वर्गात यांतलं प्रत्येक वाक्य रोज बोललं जातं.

इंग्रजीलाही ही घडण एके काळी परकी नव्हती. जुन्या इंग्रजीत ‘लाइक’च्या पूर्वजाचा अर्थ ‘आवडणे’ असाच होता. राजाला नासपती आवडल्या असं म्हणायचं तर राजा चतुर्थीत आणि क्रियापद नासपतींप्रमाणे अनेकवचनी, अगदी मराठीसारखं. येस्पर्सन यांनी राजा आणि नासपती यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं आहे, की प्रत्यय गळत गेले तसा वाक्याच्या आरंभी बसलेला राजा पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्यांना कर्ता वाटू लागला आणि शेवटी खरोखरच कर्ता झाला. शेक्सपिअरच्या पात्रांच्या तोंडी येणारा ‘मीथिंक्स’ हा शब्दशः ‘मला वाटतं’ आहे. आजच्या इंग्रजीत ही रचना सीम, अपिअर, अकर अशा मोजक्या क्रियापदांपाशी ‘टू मी’ होऊन उरली आहे, आणि तिथेही पुढे बहुधा ‘इट’ आणून बसवावा लागतो.